वजनाची वही

पहाटे साडेचारला मी काटा पुसतो.
मुरारच्या बाजूने धुकं येतं, तबेल्याच्या पत्र्यावर बसतं,
आणि एकेक पोर अनवाणी, आखडून
लोखंडी फळीवर चढतं.
कोणी मोजे काढून ठेवतं, कोणी गळ्यातला ताईत.
श्वास पूर्ण सोडून उभं राहतं, जणू हवेलाही वजन असतं.
(असतं. मीही सोडायचो.)

आकडा मी मोठ्याने वाचत नाही.
लोकेंद्र, सत्तेचाळीस चारशे.
फैजान, अठ्ठेचाळीस.
कौमुदी घाटगे, नवी, जनकगंजातली,
घरी मराठी, घोड्याशी हिंदी, आमच्याशी फारसं काहीच नाही:
एक्केचाळीस.
तिच्या खोगिराच्या खिशांत मी शिशाच्या पट्ट्या सारतो.
कमी पडलेलं असं भरून काढता येतं.
जास्तीचं कुठल्या खिशात ठेवायचं
ते मला पंचवीस वर्षांत कोणी सांगितलेलं नाही.

मग पिंपाचा घोडा.
दोन स्प्रिंगांवर गंजकं पिंप, वर जुनी जीन.
त्यावर वाकून बसायचं, मांड्या थरथरेपर्यंत.
हात असे, मी सांगतो, काठोकाठ दूध धरल्यासारखे.
लगाम ओढू नकोस, त्याला विचार.
चाबूक दाखवायचा असतो.
पोरं हसतात. पिंप कुठे काय बघतंय!

गिर्राज शेवटी येतो.
चार वर्षांपूर्वी भिंडकडून आला तेव्हा
त्याला रिकिबीत पाय टाकायला मी उचलून धरायचो.
आता मुनीम,
आमचा सगळ्यात चिडका घोडा,
ज्याने डॉक्टरांचं बोट चावलंय,
त्याचा हात मानेवर पडला की कान मागे नेत नाही.
सकाळी अर्धी पोळी, अंड्याचा पांढरा भाग.
दुपारी रबरी कोट घालून उन्हात पळणं.
रात्री आईचा फोन: खातोस ना?
खातो.
तरी या हिवाळ्यात त्याची विजार तिसऱ्यांदा आखूड झाली.

मी साडेतीन इंच वाढलो होतो, एका वर्षात.
आईने दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण केली,
पुतळीघराशेजारच्या चाळीत पेढे वाटले.
मी एक पेढा हातात घेऊन कितीतरी वेळ उभा होतो.
तिला कसं सांगायचं, कशासाठी रडतोय?

आज गिर्राज फळीवर चढला तो गुडघे वाकवून.
उंची लपवत होता. काट्यापासून!
त्रेपन्न दोनशे.
पुण्याच्या माणसाने परवा यायचं होतं.
"भैया, पचास लिख दो।"
पेन थंडीने उमटत नव्हतं. मी ते काखेत धरलं,
तेवढाच वेळ गेला.
मागे रांगेत कौमुदी, पट्ट्या हातात घेऊन,
पहिल्यांदाच स्वतःहून बोलली, तेही मराठीत:
"यांचं थोडं मला देता येत नाही का?"
गिर्राजला कळलं नाही. बरं झालं.

मी त्रेपन्न दोनशे लिहिलं.
मग मुनीमला बाहेर काढलं आणि त्याला म्हणालो, जा,
घड्याळ लावत नाही.
पन्नास पावलांवर धुक्याने दोघांना घेतलं.
मग फक्त टापा,
वळणावर जरा मंद, पलीकडच्या रेषेत सैल,
कुठेही तुटलेल्या नाहीत.
मी सवयीने मनात सेकंद मोजले. वहीत लिहिले नाहीत.

परत आला तेव्हा घोड्याच्या पाठीतून वाफ निघत होती.
त्याने पेटीतून आईने दिवाळीत पाठवलेला डबा काढला,
मुरैन्याची गजक, फीतही न सोडलेली.
पहिला तुकडा मुनीमला.
मग स्वतः, उभ्यानेच,
एक, दोन, पाच, दाढीच नसलेल्या हनुवटीवर तीळ,
कोणाकडेही न बघता.
लोकेंद्र, फैजान पाण्याच्या हौदाकडे निघून गेले.
कौमुदी तिथेच.
तिला मी म्हणालो, घे, तुला चालतं.
तिने एक तुकडा घेतला,
खाल्ला नाही,
खोगिराच्या खिशात ठेवला, शिशाच्या पट्टीला लागून,
आणि पट्टा कसायला वाकली.